लस तयार होणं आणि लस पोहोचणं: एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर

वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं होतं: कोविडची लस वर्षभराच्या आत आली, मग मलेरिया आणि क्षयाच्या लसींना दशकं का लागतात? आणि तंत्रज्ञान एवढं पुढे गेलं असेल, तर या क्षेत्रात संशोधन कशात करावं? नवी लस शोधण्यात की आहे ती पोहोचवण्यात?

मी आधी प्रयोगशाळेत आणि नंतरची बरीच वर्षं लसीकरण कार्यक्रमात, मुख्यतः शीतसाखळी (लस कारखान्यापासून बाळापर्यंत योग्य तापमानात ठेवण्याची व्यवस्था) आणि प्रशिक्षणात काम केलं आहे. म्हणून दोन्ही बाजूंनी उत्तर देतो.

आधी "वर्षभराच्या आत" हे शब्द तपासू. जानेवारी २०२० मध्ये विषाणूचा जनुकीय क्रम जाहीर झाला, १६ मार्चला पहिल्या स्वयंसेवकाला एमआरएनए लसीचा (विषाणूचं एक प्रथिन कसं बनवायचं याची सूचना आरएनए या रेणूतून पेशींना देणाऱ्या लसीचा) डोस दिला गेला आणि २ डिसेंबरला ब्रिटनने अशा पहिल्या लसीला वापराची परवानगी दिली. हे अकरा महिने खरे आहेत, पण तेवढ्या काळात झालं ते शेवटचं जोडकाम. बाहेरून आलेला आरएनए शरीराच्या पेशी शत्रू समजतात आणि दाह सुरू होतो. कॅटालिन कॅरिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं की आरएनएमधल्या युरिडीन या घटकाच्या जागी त्याचं किंचित बदललेलं रूप वापरलं की ही धोक्याची घंटा वाजत नाही. त्या कामाला नोबेल मिळालं २०२३ मध्ये. आरएनएला पेशीत नेणारा मेदाचा सूक्ष्म थेंब तयार करायलाही अशीच वर्षं गेली. या थेंबातले मेदाचे रेणू रक्तात जवळजवळ उदासीन राहतात आणि पेशीच्या आतल्या आम्लधर्मी पिशवीत गेल्यावर धनभारित होतात. त्यामुळे पिशवीचं आवरण फुटतं आणि आरएनए बाहेर पडतो.

तिसरा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो आला एका जुन्या अपयशातून. ती गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण लसविज्ञान गेल्या काही वर्षांत कुठे वळलं हे तीतून नीट कळतं.

आरएसव्ही हा तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांना ग्रासणारा विषाणू. १९६० च्या दशकात अमेरिकेत फॉर्मॅलिनने मारलेल्या आरएसव्हीची लस बाळांना दिली गेली. पुढे खरा संसर्ग आला, तेव्हा एका चाचणीत लस घेतलेल्या आणि संसर्ग झालेल्या बाळांपैकी ८० टक्के बाळं रुग्णालयात दाखल करावी लागली. तुलनेच्या गटात हेच प्रमाण ५ टक्के होतं. लस घेतलेली दोन बाळं दगावली. त्यानंतर कित्येक वर्षं आरएसव्हीच्या लसीला हात लावायला कोणी धजेना. विषाणूशास्त्र शिकताना मी पहिल्यांदा हे आकडे वाचले तेव्हा मला नीट झोप लागली नव्हती, आणि विद्यार्थ्यांना सांगताना आजही माझा आवाज खाली येतो.

चूक काय झाली होती, याचा मोठा भाग उलगडला विषाणूच्या एफ प्रथिनाच्या आकारातून. हे प्रथिन ताणून अडकवलेल्या स्प्रिंगसारखं असतं. पेशीला चिकटण्याआधी त्याचा एक आकार असतो, चिकटल्यावर ते सुटतं आणि लांबट होतं. विषाणूला खरोखर निकामी करणारी बहुतेक प्रतिपिंडं (अँटीबॉडी) पहिल्या आकाराला ओळखतात. मारलेल्या विषाणूच्या लसीत स्प्रिंग आधीच सुटलेली होती. त्यामुळे प्रतिपिंडं भरपूर तयार झाली, पण ती विषाणूला चिकटायची आणि अडवायची मात्र नाहीत. २०१३ मध्ये जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी पहिल्या आकाराची अणूपातळीवरची रचना दाखवली आणि तो आकार तसाच बांधून ठेवण्याचे मार्गही दाखवले. बरोबर दहा वर्षांनी, २०२३ मध्ये, वृद्धांसाठी आणि गर्भवतींसाठी आरएसव्हीच्या लसी मंजूर झाल्या. गर्भवतीला लस दिली की तिची प्रतिपिंडं वारेतून बाळात जातात आणि जन्मानंतरचे पहिले, सगळ्यात धोक्याचे महिने सांभाळले जातात.

हीच युक्ती कोरोना विषाणूच्या काटेरी प्रथिनावर वापरली गेली. १,२७३ अमिनो आम्लांच्या साखळीतल्या फक्त दोन कड्या बदलून तिथे प्रोलिन हे अमिनो आम्ल बसवलं की आकार टिकतो, हे मर्स या आजाराच्या, म्हणजे दुसऱ्या एका कोरोना विषाणूवरच्या कामातून २०२० च्या आधीच माहीत झालं होतं. म्हणून जानेवारीत क्रम हाती येताच लसीचा आराखडा दिवसांत ठरला.

आता मलेरिया. कोरोना विषाणूत तीसेक प्रथिनं आहेत, मलेरियाच्या परजीवीत पाच हजारांहून अधिक जनुकं. तो शरीरात दर टप्प्यावर वेगळं रूप घेतो. डास चावल्यावर साधारण तासाभरात यकृतात शिरतो, आणि त्यातला एखादा जरी निसटला तरी पुढचा आजार होऊ शकतो. म्हणजे रक्तात प्रतिपिंडं नुसती असून भागत नाही, ती त्या तासाभरात पुरेशी दाट असावी लागतात. आरटीएस,एस या लसीचं काम १९८७ मध्ये सुरू झालं आणि जागतिक आरोग्य संघटनेची व्यापक वापराची शिफारस आली ऑक्टोबर २०२१ मध्ये. आर२१ ही दुसरी लस आली ऑक्टोबर २०२३ मध्ये. दोन्हींमध्ये प्रतिकारशक्तीला जोर देणारं जे सहायक द्रव्य आहे, त्याचा एक महत्त्वाचा घटक चिलीतल्या सोपबार्क झाडाच्या सालीपासून मिळतो. इतक्या आधुनिक लसींची मात्रा एका झाडाच्या सालीवर अवलंबून असावी, हे मला अजूनही थक्क करतं. त्याच घटकाला पेशींच्या किंवा यीस्टच्या मदतीने बनवण्याचं संशोधन म्हणूनच फार मोलाचं आहे.

आरटीएस,एसच्या मोठ्या चाचणीत चार डोस मिळालेल्या मुलांमध्ये चार वर्षांच्या पाठपुराव्यात मलेरियाचे प्रसंग साधारण ३६ टक्क्यांनी घटले. आकडा ऐकून अनेकांची निराशा झाली. माझी झाली नाही. घाना, केनिया आणि मलावीमध्ये २०१९ पासून नेहमीच्या लसीकरणातून ही लस दिली गेली, तेव्हा पात्र वयाच्या मुलांमधले सर्व कारणांचे मिळून मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. जिथे एकेका मुलाला वर्षात अनेकदा मलेरिया होतो, तिथे "मध्यम" परिणामकारकतेची लसही किती जीव वाचवते, हे यातून कळतं.

याहून महत्त्वाचा मला वाटतो तो बुर्किना फासो आणि मालीमधला अभ्यास, जो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे मलेरिया पावसाळ्यात उसळतो. संशोधकांनी लसीचा रेणू बदलला नाही, डोस देण्याची वेळ बदलली. वयाप्रमाणे वेळापत्रक न ठेवता पावसाळ्याच्या तोंडावर डोस दिला आणि सोबत हंगामी प्रतिबंधक गोळ्या चालू ठेवल्या. फक्त गोळ्या मिळालेल्या मुलांच्या तुलनेत मलेरियाचे प्रसंग सुमारे ६३ टक्क्यांनी आणि मलेरियाने होणारे मृत्यू सुमारे ७३ टक्क्यांनी कमी झाले. लस तीच होती. प्रतिपिंडं सर्वाधिक दाट असण्याचा काळ आणि डास सर्वाधिक असण्याचा काळ एकमेकांवर नीट बसवला, एवढंच. तुमच्या प्रश्नातले "शोधणं" आणि "पोहोचवणं" हे दोन भाग मला वेगळे करता येत नाहीत, ते यामुळेच. कोणत्या दिवशी, कोणत्या तापमानात, किती डोसच्या कुपीतून आणि कोणाच्या हातून लस मिळते, हेसुद्धा लसीचे गुणधर्म आहेत.

क्षयाबद्दल थोडक्यात. बीसीजी १९२१ पासून आहे. ती बाळांना गंभीर क्षयापासून वाचवते, मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा भरवसा नाही. एम७२ या लसीच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत, आधीच क्षयजंतूंचा सुप्त संसर्ग असलेल्या प्रौढांमध्ये, तीन वर्षांत आजाराचं प्रमाण जवळपास निम्मं झालं. तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली, सुमारे २०,००० लोकांचं लक्ष्य ठेवून. एवढे लोक आणि एवढा वेळ का लागतो? कारण रक्तातला कोणता आकडा पाहिला म्हणजे "हा माणूस क्षयापासून सुरक्षित" असं म्हणता येईल, ते ठरलेलं नाही. फ्लूमध्ये प्रतिपिंडांची पातळी मोजून बराच अंदाज बांधता येतो. क्षयात लोक आजारी पडतात का, याची वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. हा मोजण्याचा आकडा जो शोधेल, तो अनेक लसींची वाट एकदम मोकळी करेल. एचआयव्हीत याउलट एक छोटी पण फार मोलाची पायरी २०२२ मध्ये दिसली: योग्य प्रतिपिंडं पुढे बनवू शकतील अशा दुर्मिळ बी-पेशींना (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना) जागं करणारी लस ३६ जणांना दिली, आणि त्यांतल्या ३५ जणांत त्या पेशी जाग्या झाल्या. ती संरक्षण देणारी लस नव्हे. पेशींना पायरीपायरीने शिकवत नेता येतं, हे तिने दाखवलं.

आता कुपी कारखान्यातून निघाल्यानंतरचं बोलू.

लस उन्हाने बिघडते हे सगळ्यांना माहीत असतं. कुपीवरचं व्हीव्हीएम, म्हणजे उष्णता लागल्याचं दाखवणारी खूण, तेच सांगतं: गोल कड्यातला चौकोन आधी फिका असतो, उष्णता साठत जाते तसा गडद होतो, कड्याच्या रंगाला पोहोचला की कुपी बाद. १९९६ मध्ये तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीवर ते पहिल्यांदा आलं आणि या क्षेत्रातलं ते अत्यंत उपयोगी साधन ठरलं. पण व्हीव्हीएम थंडी ओळखत नाही. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्रित लस), हिपॅटायटिस बी, धनुर्वात अशा लसींमध्ये अॅल्युमिनियमचे क्षार असतात, आणि त्यांच्या कणांना लसीचा सक्रिय भाग चिकटलेला असतो. एकदा गोठल्या की हे कण गुठळ्या धरतात आणि पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत. हिपॅटायटिस बीची लस तर शून्याच्या अगदी खाली, साधारण उणे अर्ध्या अंशावर गोठते. वितळल्यावर कुपी वरवर पाहता तशीच दिसते. व्हीव्हीएमचा चौकोन फिकाच असतो. बाळाला सुई टोचली जाते, नोंद होते, आणि संरक्षण मात्र कमी पडू शकतं.

मी एका साठवण केंद्रात पाहणीला गेलो होतो. कर्मचारी मेहनती होते, नोंदवही स्वच्छ होती. उन्हाळा होता म्हणून कोणीतरी काळजीपोटी फ्रिजचा थर्मोस्टॅट सर्वांत थंड आकड्यावर नेऊन ठेवला होता. पेंटाव्हॅलंटचा एक खोका मागच्या भिंतीला टेकलेला होता, आणि त्याच्या पुठ्ठ्यावर बर्फाचा पातळ थर होता. आम्ही शेक टेस्ट, म्हणजे कुपी हलवून लस गोठली होती का ते पाहण्याची चाचणी, केली. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम रात्रभर डीप फ्रीझरमध्ये घट्ट गोठवली आणि सकाळी आपोआप वितळू दिली. मग ती आणि संशयित कुपी एकाच मुठीत धरून दहा-पंधरा सेकंद हलवल्या, टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या आणि बघत बसलो. गोठवलेल्या कुपीत वरचं पाणी काही मिनिटांत स्वच्छ होऊ लागलं आणि तळाशी पांढरा थर बसला. लस चांगली असती तर दुसरी कुपी बराच वेळ दुधाळ राहिली असती. तिच्यातलाही थर जवळपास त्याच वेगाने खाली बसला. त्या खोलीत कोणी बोललं नाही. गेल्या महिन्यात याच फ्रिजमधून किती कुपी गेल्या, हा प्रश्न सगळ्यांच्या डोक्यात एकाच वेळी आला होता.

ही एका ठिकाणची हलगर्जी नव्हती. २०१७ च्या एका आढाव्यात दिसलं की साठवणुकीदरम्यान सरासरी एक तृतीयांशाच्या आसपास लसींना शिफारशीपेक्षा कमी तापमान लागतं, आणि यात श्रीमंत आणि गरीब देशांत फारसा फरक नाही. यावरची उत्तरं साधी आहेत. आइसपॅक फ्रीझरमधून काढून थेट लसवाहकात (सत्राला लस नेण्याच्या थंड डब्यात) टाकायचे नाहीत. बाहेर ठेवायचे, कानाशी धरून हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मगच वापरायचे. आता असे लसवाहकही आहेत ज्यांत आइसपॅक आणि कुपी यांच्यामध्ये असा थर असतो की ही वाट न पाहताही लस गोठत नाही. माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून असलेलं काम वस्तूच्या रचनेतच सोडवलं, म्हणून हे संशोधन मला फार आवडतं.

दुसरा प्रसंग कोणत्याही लसीकरण सत्रात घडतो. सत्र संपायला अर्धा तास उरलाय. एक आई बाळाला घेऊन येते, गोवर-रुबेलाची लस राहिली आहे. कुपी दहा डोसची. ती भुकटीच्या रूपात असते, त्याच उत्पादकाच्या डायल्युएंटमध्ये (विरघळवण्याच्या द्रवात) विरघळवली की सहा तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, टाकून द्यावी लागते. एका बाळासाठी नऊ डोस वाया जाणार. वरून वाया गेलेल्या डोसांचा हिशेब मागितला जातो. परिचारिका हळूच म्हणते, "पुढच्या वेळी या हं, तेव्हा जास्त मुलं असतील." आई मजुरी बुडवून आलेली असते. ती पुढच्या वेळी येतेच असं नाही.

नियम स्पष्ट आहे: एक बाळ असलं तरी कुपी उघडायची. प्रशिक्षणात मी हे किती वेळा सांगितलंय याला गणती नाही. पण हिशेबाची भीती जोवर आहे तोवर नुसतं सांगून भागत नाही, हे मला उशिरा कळलं. गोवराचा एक रुग्ण संरक्षण नसलेल्या समाजात १२ ते १८ जणांना संसर्ग देऊ शकतो, म्हणून ९५ टक्क्यांच्या आसपास मुलांना दोन डोस लागतात. अशी परत पाठवलेली एकेक मुलं साठत जातात आणि एक दिवस साथ उसळते.

त्यामुळे सूक्ष्मसुयांच्या पट्टीकडे मी मोठ्या आशेने बघतो. बोटाच्या पेराएवढी पट्टी, तिच्यावर केसाहून फार मोठी नसलेली टोकं, आणि त्या टोकांतच वाळवलेली लस. त्वचेवर काही मिनिटं दाबून ठेवली की टोकं विरघळतात. सुई नाही, डायल्युएंट नाही, दहा डोसची कुपी नाही. एक बाळ, एक पट्टी. गोवर-रुबेलाच्या अशा पट्टीची गांबियामध्ये बाळांवर चाचणी झाली आणि निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले: एका पट्टीनंतर ९० टक्क्यांहून अधिक बाळांत गोवराविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडं दिसली, इंजेक्शनच्या तोडीची. पुढचा अडथळा जीवशास्त्राचा नाही. कोट्यवधी पट्ट्या निर्जंतुक परिस्थितीत, परवडेल अशा खर्चात बनवणारे कारखाने उभे करायचे आहेत, आणि त्यासाठी आधी कोणीतरी खरेदीची हमी द्यायला हवी.

एचपीव्ही या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूच्या लसीची गोष्ट तर योगायोगाने हाती आली. भारतात २००९ मध्ये दोन आणि तीन डोसची तुलना करणारी मोठी चाचणी सुरू झाली होती. २०१० मध्ये एका वेगळ्या प्रकल्पावरून उठलेल्या वादामुळे शासनाने एचपीव्ही लसीच्या अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं, आणि हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्या मुलींना सोडलं नाही. दहा वर्षं पाठपुरावा केला. एका डोसचं संरक्षण दोन-तीन डोसच्या बरोबरीने टिकलेलं दिसलं. मग केनियातल्या काटेकोर चाचणीने २०२२ मध्ये तेच दाखवलं: १८ महिन्यांत एचपीव्ही १६ आणि १८ या प्रकारांविरुद्ध ९७.५ टक्के परिणामकारकता, एका डोसने. याचं कारण पुन्हा आकारात आहे. या लसीचा कण विषाणूच्या रिकाम्या कवचासारखा असतो, त्यावर एकच प्रथिन ३६० वेळा नीट रचलेलं असतं. इतकी दाट, एकसारखी रचना बी-पेशींना जबरदस्त चालना देते आणि वर्षानुवर्षं प्रतिपिंडं बनवत राहणाऱ्या पेशी तयार होतात. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयासाठी एका डोसचा पर्याय मान्य केला. मुलींना शाळेत एकदाच गाठायचं आहे, दुसऱ्यांदा शोधत जायचं नाही. कार्यक्रमात काम केलेल्या माणसाला विचारा, या एका बदलाने किती ओझं उतरतं.

तापमानाची बंधनं सैल करणंही असंच. आफ्रिकेतल्या मेंदूज्वराच्या पट्ट्यासाठी बनवलेली मेनआफ्रिव्हॅक ही लस २०१० मध्ये आली. २०१२ मध्ये तिला ४० अंशांपर्यंत चार दिवस बर्फाविना नेण्याची परवानगी मिळाली, कारण ती तितकी टिकते हे मोजून दाखवलं गेलं. लस आधीही तितकीच टिकाऊ होती, कोणी मोजलं नव्हतं एवढंच.

विश्वासाबद्दल न बोलता उत्तर पूर्ण होणार नाही. फिलिपिन्समध्ये डेंग्यूची एक लस आठ लाखांहून अधिक मुलांना दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादकाने जाहीर केलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही, त्यांच्यात पुढच्या संसर्गाने आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. लसी महत्त्वाच्या आहेत असं ठामपणे मानणारे लोक तिथे २०१५ मध्ये ९३ टक्के होते, २०१८ मध्ये ३२ टक्के राहिले. पुढे गोवराची मोठी साथ आली. म्हणून धोक्याची शंका असेल तिथे, चाचणीत लोकांची भरती सुरू करण्याआधीच रक्त तपासून आधी संसर्ग झालेले आणि न झालेले असे दोन गट वेगळे ठेवा आणि निकाल काहीही आला तरी तो लोकांना आधी स्वतः सांगा.

२०२४ मध्ये जगात १ कोटी ४३ लाख बाळांना पहिल्या वर्षात त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या) लसीचा एकही डोस मिळाला नाही. यांतली बरीच बाळं युद्धाच्या छायेत, शहरांच्या अनोंदणीकृत वस्त्यांत किंवा रस्ता संपतो त्याच्या पुढे राहतात.

म्हणून, संशोधन कशात करावं हे विचारत असाल तर माझा सल्ला असा. प्रयोगशाळेत जायचं असेल तर क्षयातल्या संरक्षणाचं मोजमाप, झाडावर अवलंबून नसलेली सहायक द्रव्यं आणि गोठूनही न बिघडणारी अॅल्युमिनियमयुक्त लस हे तीन विषय डोळ्यांसमोर ठेवा. पण विषय पक्का करण्याआधी चार-पाच सत्रांना लसवाहकाशेजारी बसा. किती कुपी उघडल्या ते लिहा, किती आयांना परत पाठवलं ते लिहा, आणि परत पाठवताना काय कारण सांगितलं तेही त्यांच्याच शब्दांत लिहा. वही घेऊन या, मग आपण प्रश्न ठरवू.